इंजिनापासून तिकिटापर्यंत: रेल्वेप्रेमींच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

काल, १ जूनला, डेक्कन क्वीनला ९५ वर्षे पूर्ण झाली. पुणे स्थानकावर तिच्या वाढदिवसाला मी दर वर्षीप्रमाणे सकाळी गेले होते. हार घातलेल्या इंजिनाभोवती आमच्या रेल्वेप्रेमी मंडळातील तरुण उभे होते. इंजिन कोणत्या शेडचे, जुना रेक (गाडीच्या डब्यांचा संच) जाऊन एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेचे, डबे कोणत्या दिवशी आले (२२ जून २०२२), दोन्ही रेकच्या रंगांत फरक काय, हे सारे ते एकमेकांना तोंडपाठ सांगत होते. तेवढ्यात फलाटावरच्या एका आजींनी त्यांच्यापुढे तिकीट धरले. "बाळा, मला पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचंय. यावर ४८ लिहिलंय आणि १२ पण लिहिलंय. माझा नंबर कितवा?" चौघांनी ते तिकीट हातात घेतले आणि चौघांनी चार उत्तरे दिली. पहिला आकडा तिकीट काढले त्या वेळचा प्रतीक्षाक्रम आणि दुसरा आजचा, म्हणजे आजी आता बाराव्या क्रमांकावर आहेत, हे शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका पासधारक बाईंनी सांगितले.

घरी आल्यावर हा प्रसंग मनातून जाईना. ही मुले रेल्वेवर मनापासून प्रेम करतात आणि त्यांचे ज्ञान खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण गाडी ज्याच्यासाठी धावते त्या प्रवाशाच्या हातातील कागद त्यांना वाचता येत नसेल, तर आमच्या मंडळाने आजवर ज्या प्रश्नमंजुषा घेतल्या त्यांत काहीतरी मोठे राहून गेले आहे. मी २२ वर्षे पुणे–मुंबई पासावर प्रवास केला आणि तितकीच वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. चाचणी कशी बांधावी आणि तीच कशी तपासावी, हे मला येते. म्हणून मंडळाच्या ऑगस्टच्या बैठकीसाठी केवळ प्रवासी वाहतुकीवर साठ प्रश्नांची चाचणी तयार करण्याचे काम मी आज अंगावर घेतले. या वहीत त्याची नोंद ठेवीन.

५ जून २०२५, गुरुवार

प्रश्न निवडण्याची कसोटी ठरवली: उत्तर चुकले तर प्रवाशाचे काही अडते का, किंवा उत्तर कळले तर प्रवाशाच्या आयुष्याबद्दल काही नवे समजते का? दोन्हीपैकी एकही होत नसेल, तर प्रश्न कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवायचा.

पहिली परीक्षा डेक्कन क्वीनच्याच प्रश्नांची घेतली. १९३० साली गाडी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी रंगाचा आणि तांबड्या पट्ट्यांचा, तर दुसरा निळा आणि सोनेरी रेघांचा. हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाला येतो आणि मलाही तो आवडतो, पण तो वगळला. त्याच्या जागी दुसरा घेतला: या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्यांदा कधी बसता आले? उत्तर आहे जून १९५५. सुरुवातीला गाडीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजी पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हटले जाऊ लागले. म्हणजे मुंबई–पुणे मार्गावरच्या या लाडक्या गाडीत साध्या माणसाला चढायला पाव शतक वाट पाहावी लागली. पुढे एप्रिल १९७४ पासून तिसऱ्या वर्गाचे नाव दुसरा वर्ग झाले. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक ‘थर्ड क्लास’ म्हणत तोच हा वर्ग. रंगाचा प्रश्न गाडीबद्दल सांगतो आणि हा प्रश्न तिच्यात कोण बसू शकत होते ते सांगतो.

प्रत्येक प्रश्नाचे जाड कागदाचे कार्ड करायचे, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर, असे ठरले.

११ जून २०२५, बुधवार

बर्थच्या क्रमांकांचे प्रश्न पूर्ण केले. हा भाग मला सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण यात पाठांतराला थारा नाही. शयनयान डब्यात आठ-आठ बर्थचा एक गट असतो: १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अप्पर. क्रमांकाला आठाने भागून बाकी पाहिली की बर्थ समजतो, बाकी शून्य आली तर साइड अप्पर. वातानुकूलित टू-टियर डब्यात मधला बर्थ नसल्यामुळे हाच हिशेब सहाने करावा लागतो. तेथे २३ क्रमांक म्हणजे बाकी पाच, म्हणजे साइड लोअर.

यावरून जो प्रश्न तयार झाला तो असा: एका प्रवाशाच्या तिकिटावर शयनयान डबा एस ५ आणि बर्थ ७६ असे छापले आहे. केवळ एवढ्यावरून डब्याबद्दल आणि बर्थबद्दल काय सांगता येईल? पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या रचनेच्या शयनयान डब्यात ७२ बर्थ असत, तर लांब असलेल्या एलएचबी डब्यात ८० असतात. म्हणून ७६ क्रमांक आला की डबा एलएचबीच असणार. ७६ ला आठाने भागले की बाकी ४ उरते, म्हणून बर्थ खालचा. रेल्वेप्रेमींचे डब्यांविषयीचे ज्ञान आणि प्रवाशाची गरज येथे एकाच प्रश्नात भेटतात. असे आणखी दहा प्रश्न मिळाले असते तर चाचणी फार चांगली झाली असती.

मंडळातील एक सदस्य तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. संध्याकाळी त्यांना दूरध्वनी करून हा प्रश्न ऐकवला. ते म्हणाले, "ताई, यात आरएसी घाला. साइड लोअरवर दोघांना बसवलं की निम्मी भांडणं तिथंच होतात." आरएसी म्हणजे बसण्याचा हक्क असलेले, पण स्वतंत्र बर्थ न मिळालेले तिकीट. अशा दोन प्रवाशांना एक साइड लोअर वाटून दिला जातो. त्याला जोडून मधल्या बर्थचाही प्रश्न केला. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळातच उघडून झोपता येते, त्याबाहेर खालच्या बर्थवर बसण्याचा हक्क तिघांचाही असतो. ही वेळ पूर्वी रात्री ९ पासून होती. जुन्या वेळेवर विश्वास ठेवणारे अजून पुष्कळ भेटतात, म्हणून तो चुकीचा पर्याय मुद्दाम दिला आहे.

१६ जून २०२५, सोमवार

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक कालपासून लागू झाले. या वर्षी ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आहे. पूर्वी ते १० जूनला सुरू होऊन ऑक्टोबरअखेरपर्यंत चाले. दरडी आणि पाणी यांच्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो आणि एकेरी मार्गावर क्रॉसिंगची, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्याची, सगळी गणिते बदलतात, म्हणून काही गाड्यांच्या सुटण्याच्या वेळासुद्धा बदलतात. मेमध्ये तिकीट काढून जुलैत प्रवास करणाऱ्याने वेळ पुन्हा पाहिली नाही, तर त्याची गाडी चुकू शकते. कार्ड क्रमांक ३१ त्यावर केले.

त्याच मार्गावरचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. मुंबईहून मडगावचे तिकीट काढले तर त्यावरचे किलोमीटर प्रत्यक्ष रुळांच्या लांबीपेक्षा बरेच जास्त का दिसतात? या मार्गाच्या उभारणीचा खर्च भरून निघावा म्हणून कोकण रेल्वेला तिच्या हद्दीतील अंतर प्रवासी भाड्यासाठी ४० टक्के वाढवून मोजण्याची मुभा मिळाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल आमच्या प्रत्येक प्रश्नमंजुषेत येतात आणि सगळे उत्तर देतात. तो बोगदा आणि तो पूल यांचे पैसे चाकरमान्याच्या तिकिटावर किलोमीटरच्या रूपाने छापलेले असतात, हे मात्र आजवर आम्ही कोणालाच विचारले नाही.

२३ जून २०२५, सोमवार

गणपतीच्या आरक्षणाची धांदल सुरू झाली. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असून त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. म्हणजे २२ ऑगस्टच्या प्रवासाचे आरक्षण आज सकाळी ८ वाजता उघडले आणि २५ ऑगस्टचे २६ जूनला उघडेल. यावरून प्रश्न केला: ‘२५ ऑगस्टच्या गाडीचे आरक्षण कोणत्या तारखेला उघडेल?’ पर्यायांत २५, २६ आणि २७ जून या तिन्ही तारखा ठेवल्या. महिने ३० आणि ३१ दिवसांचे असल्यामुळे नुसते ‘दोन महिने मागे’ मोजणारा एका दिवसाने चुकतो. गणपतीत एका दिवसाची चूक म्हणजे काय, ते परळ-लालबागच्या कोणत्याही घरात विचारावे.

२९ जून २०२५, रविवार

पहिली चाचपणी माझ्या घरी घेतली. मंडळातील आठ जण आले होते. चाळीस प्रश्न दिले आणि वेळ मोजली नाही.

तीन प्रश्नांवर वाद झाले आणि तिन्ही वादांत ते बरोबर होते. ‘भारतातील पहिली रेल्वे’ असा शब्दप्रयोग मी केला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन १४ डब्यांच्या गाडीने कापले, हे निर्विवाद आहे. पण मद्रासजवळच्या रेड हिल्स येथे १८३७ मध्ये आणि रुडकीला १८५१ मध्ये मालासाठी रूळ वापरले गेले होते. म्हणून प्रश्नात ‘पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी’ असेच शब्द हवेत. त्या प्रवासाला किती वेळ लागला, हा माझा दुसरा प्रश्नही काढून टाकला, कारण छापील साधनांत ५७ मिनिटे आणि सवा तास अशी दोन्ही उत्तरे आढळतात. दोन उत्तरे असलेला प्रश्न चाचणीत ठेवणे अन्यायाचे आहे. तिसरा वाद शयनयान डब्यातील बर्थच्या संख्येवर झाला. तेथे डब्याची रचना कोणती ते लिहायचे मी विसरले होते.

सर्वांना सर्वांत सोपा गेलेला भाग गाडी क्रमांकांचा. २० डिसेंबर २०१० पासून क्रमांक पाच आकडी झाले. पहिला आकडा ० असेल तर विशेष गाडी, १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची, ५ असेल तर साधी पॅसेंजर, ६ मेमू (विजेवरची लोकलसारखी गाडी), ७ डेमू (तशीच डिझेलची) आणि ९ मुंबईची उपनगरी, हे आठही जणांनी न चुकता लिहिले. हा भाग पुढे कमी करावा लागेल.

२ जुलै २०२५, बुधवार

कालपासून इतके बदल झाले आहेत की दिवसभर कार्डेच दुरुस्त करीत बसले. भाडे वाढले: मेल-एक्सप्रेसच्या बिगरवातानुकूलित वर्गांना किलोमीटरमागे एक पैसा, वातानुकूलित वर्गांना दोन पैसे. साध्या दुसऱ्या वर्गाला ५०० किलोमीटरपर्यंत काही वाढ नाही आणि त्यापुढे किलोमीटरमागे अर्धा पैसा. उपनगरी भाडी आणि पास यांना हात लावलेला नाही. ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी कालपासून आधार पडताळणी आवश्यक झाली आहे. आरक्षणाचा चार्ट गाडी सुटण्याच्या चार तासांऐवजी आठ तास आधी लावण्याची घोषणाही झाली आहे. दुपारी २ च्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री ९ वाजता लागेल. हे टप्प्याटप्प्याने होणार असल्यामुळे चार्टच्या कार्डावर तूर्त जुनेच उत्तर ठेवले.

यापुढे प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तराबरोबर ‘अमुक तारखेस खरे’ अशी ओळ लिहायची. भोर घाटाचा चढ १:३७ आहे, तो दहा वर्षांनीही तितकाच असेल. तत्काळचा नियम मात्र पुढच्या महिन्यातही असाच असेल असे म्हणता येत नाही. दोन्ही प्रकारचे ज्ञान एका चाचणीत विचारताना हा भेद कागदावर दिसलाच पाहिजे.

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी एकादशी झाली. पंढरपूरसाठी सोडलेल्या विशेष गाड्यांचे क्रमांक पाहत असताना मला यात्रेकरूंविषयीचा एक प्रश्न सुचला आणि दिवसभर त्यावरच काम केले. या साठ प्रश्नांत तो मला सर्वाधिक प्रिय आहे.

प्रश्न असा: एका कुटुंबाकडे मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर असे एकच तिकीट आहे. अंतर ८३७ किलोमीटर. त्यांना वाटेत एकदा उतरून नातेवाइकांना भेटण्यासाठी भुसावळला थांबायचे आहे किंवा गजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावला. याच तिकिटावर पुढचा प्रवास करता यावा, तर यांपैकी कोठे उतरता येईल?

प्रवास खंडित करण्याचा नियम जुना आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. ५०० किलोमीटरहून अधिक अंतराच्या तिकिटावर वाटेत उतरता येते. १००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा, त्याहून लांबच्या तिकिटावर दोनदा. पण पहिला थांबा सुरुवातीच्या स्थानकापासून ५०० किलोमीटर प्रवास झाल्याशिवाय घेता येत नाही. उतरण्याचा आणि पुन्हा चढण्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येते. उतरल्यावर त्या स्थानकावर तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते आणि राजधानी, शताब्दी अशा गाड्यांना ही सोय लागू नाही. भुसावळ मुंबईपासून सुमारे ४४५ किलोमीटरवर आहे, म्हणून तेथे उतरले तर चालत नाही. शेगाव सुमारे ५४७ किलोमीटरवर आहे, तेथे उतरता येते.

या सवलतीचे मोल समजण्यासाठी भाड्याची रचना समजावी लागते. रेल्वेचे भाडे अंतर वाढत जाते तसे किलोमीटरमागे कमी होत जाते. म्हणून मुंबई–शेगाव आणि शेगाव–नागपूर अशी दोन तिकिटे काढली तर ती मुंबई–नागपूर या एका तिकिटापेक्षा महाग पडतात. काकांनी एक महत्त्वाची पुस्ती जोडली: "भाडं टिकतं, बर्थ टिकत नाही." पुढच्या टप्प्यासाठी आरक्षण हवे असेल तर त्याची व्यवस्था आधी करावी लागते, एरवी उतरलेल्या माणसासाठी त्याची जागा कोणी राखून ठेवत नाही. काकांचे हे वाक्य उत्तराच्या कार्डावर जसेच्या तसे लिहिले आहे.

२० जुलै २०२५, रविवार

दुसरी चाचपणी. या वेळी दोन गट बोलावले. एका गटात मंडळातील रेल्वेप्रेमी होते. दुसऱ्या गटात माझ्या जुन्या डब्यातील पासधारक आणि दर वर्षी कोकणात जाणारी शेजारची दोन कुटुंबे होती, ज्यांना इंजिनांत काडीचाही रस नाही. चाचणी नेमके काय मोजते हे कळायचे असेल, तर असा दुसरा गट असणे आवश्यक होते.

२१ जुलै २०२५, सोमवार

उत्तरपत्रिका तपासल्या आणि प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढले. किती जणांना तो आला, हा पहिला. एकूण गुण जास्त मिळवणाऱ्यांना तो कमी गुण मिळवणाऱ्यांपेक्षा किती अधिक आला, हा दुसरा. चांगल्या प्रश्नात दुसरा आकडा धन असतो. शून्याच्या आसपास असेल तर प्रश्न काहीच सांगत नाही. ऋण असेल तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते.

चार्टच्या प्रश्नाचा आकडा ऋण आला. माझ्या सूचीत ‘चार तास’ असे उत्तर होते आणि एरवी उत्तम गुण मिळवणाऱ्या रेल्वेप्रेमींपैकी थोड्यांचेच ते जुळले. उलट कमी गुण मिळवणाऱ्या अनेक रेल्वेप्रेमींनी चार तास लिहिले. ‘आदल्या रात्री ९’ असे लिहिणाऱ्यांत प्रत्यक्ष प्रवास करणारे होते आणि त्यांचे एकूण गुण वरच्या बाजूला होते. नवी पद्धत सुरू झाल्यावर सूची बदलायचे माझ्याकडून राहून गेले, ही सरळ माझी चूक आहे. आकड्यांनी ती दाखवून दिली. कार्ड दुरुस्त करून तारीख लिहिली आणि सर्वांचे गुण पुन्हा मोजले.

आणखी एक प्रश्न असाच बोलका ठरला. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत सध्या आहे का? ती २० मार्च २०२० पासून थांबली आहे आणि अजून परत आलेली नाही. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळत असे. आमच्या तरुणांनी ‘आहे’ असे लिहिले आणि टक्केही अचूक लिहिले. पासधारकांच्या गटातील वयस्क मंडळींपैकी एकही चुकले नाही.

प्रतीक्षायादीच्या प्रकारांवर दोन्ही गट अडखळले. गाडी जेथून सुटते तेथील किंवा त्याच्या जवळच्या स्थानकांच्या प्रवाशांची सर्वसाधारण यादी, मधल्या मोठ्या स्थानकांसाठी स्वतंत्र कोटा असलेली रिमोट लोकेशनची यादी, अनेक लहान स्थानकांनी मिळून वाटून घेतलेली पूल्ड यादी आणि तत्काळची यादी अशा चार मुख्य याद्या असतात. त्यांतील सर्वसाधारण यादीतील तिकीट कन्फर्म होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तत्काळची यादी आरएसीत न येता थेट कन्फर्म होते किंवा तशीच राहते. या भागाचे तीन प्रश्न सहा करावेत असे ठरवले. आजींचे तिकीट याच भागात आहे.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

घाटाचे प्रश्न कमी केले. कर्जतला मागे बँकर (घाट चढताना गाडी ढकलणारी जादा) इंजिने का लागतात आणि लोणावळ्याला का सुटतात, हे प्रत्येकाला येते. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, हेही येते. एकच प्रश्न ठेवला, तो प्रवाशाच्या बाजूचा: गाडी एखाद्या ठिकाणी दररोज थांबते, पण वेळापत्रकात ते नाव नाही, तर तेथपर्यंतचे तिकीट मिळेल का? मिळणार नाही, कारण तो तांत्रिक थांबा आहे. घाट उतरणाऱ्या गाड्या ब्रेकची खात्री करण्यासाठी थांबतात ते थांबे याच जातीचे.

दादरच्या फलाटांचे कार्ड नव्याने लिहिले. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. पूर्वी दोन्ही बाजूंना १ क्रमांकाचा फलाट होता आणि बाहेरगावचा माणूस सामान घेऊन भलत्याच पुलावरून उतरत असे.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

अंतिम चाचणी झाली. साठ प्रश्न, सत्तर मिनिटे. सभागृहातील पंखे बंद होते, तरी कोणी मध्येच उठले नाही.

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

तपासणी पूर्ण केली. बर्थ, डब्यांची रचना, गाडी क्रमांक आणि घाट यांत रेल्वेप्रेमींनी अपेक्षेप्रमाणे उत्तम केले. बर्थ ७६ चा प्रश्न जवळपास सर्वांना आला, याचा मला आनंद आहे. प्रतीक्षायादी, प्रवास खंडित करणे आणि अनारक्षित तिकिटाचे नियम यांत ते पासधारकांच्या मागे राहिले. अनारक्षित तिकिटाचे उदाहरण येथे लिहून ठेवते. साध्या एक्सप्रेसचे तिकीट घेऊन कोणी सुपरफास्ट गाडीत चढला तर दुसऱ्या वर्गाला १५ रुपयांचा अधिभार द्यावा लागतो. दोन्ही दिशांना सरासरी वेग ताशी किमान ५५ किलोमीटर असेल तर गाडी सुपरफास्ट गणली जाते, हे आमच्या बहुतेकांनी बरोबर लिहिले. पण त्या वेगाचे १५ रुपये प्रवाशाच्या खिशातून जातात आणि ते दिले नसतील तर टीसी दंड करू शकतो, हे फार थोड्यांनी लिहिले. मोफत सामानाची मर्यादा (शयनयानात ४० किलो, दुसऱ्या वर्गात ३५) दोन्ही गटांतील जवळजवळ कोणालाच आली नाही. तो प्रश्न निवड करण्यास निरुपयोगी ठरला असला, तरी पुढच्या वेळी मी तो पुन्हा घेईन, कारण लोकांना तो माहीत असायला हवा.

शेगावच्या प्रश्नाला ज्या थोड्यांनी बरोबर उत्तर दिले त्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला कसे ठाऊक, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले, की पहिल्या चाचपणीत प्रतीक्षायादीचे प्रश्न चुकल्यावर तो काकांकडे जाऊन बसू लागला आणि त्यांच्याजवळची जुनी नियमावली त्याने वाचून काढली. १ जूनला आजींचे तिकीट हातात घेणाऱ्या चौघांपैकी तो एक होता.

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

कार्डे आवरली. ज्यांची उत्तरे बदलण्यासारखी नाहीत ती लाकडी पेटीत ठेवली: बोरीबंदर, जून १९५५, घाट, बर्थचे गणित. बाकीची तारखांच्या क्रमाने पाकिटांत लावली. भाडे, तत्काळ, चार्ट आणि आगाऊ आरक्षण यांचे पाकीट दर महिन्याच्या १ तारखेला उघडून तपासायचे. ते काम त्या सतरा वर्षांच्या मुलाने मागून घेतले आहे. कार्ड क्रमांक ३१ वर ‘मुदत २० ऑक्टोबर’ असे लिहून ते सर्वांत वर ठेवले.